टाइल्स चिकटवणारे हात

अवकाशातून परत आलेलं यान पुन्हा उडवायचं, म्हणजे नेमकं कोणी काय करायचं, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये, याच विषयात पीएचडी करते. आमची इन्स्टिट्यूट लोकांना बघायला खुली असते त्या रविवारासाठी, माणसं नेणाऱ्या आणि पुन्हा वापरता येणाऱ्या सुरुवातीच्या यानांवरचा फलक मी लिहिला. अमेरिकी स्पेस शटलला उष्णता अडवणाऱ्या हजारो टाइल्स होत्या, त्या हाताने चिकटवलेल्या. पहिलं यान उड्डाणाआधी विमानाच्या पाठीवरून नेलं, तेव्हाच त्यांतल्या कितीतरी गळून पडल्या. शेवटी, लोकांनी हसावं म्हणून, एक ओळ टाकली: काही कामगार गोंदात थुंकायचे, त्याने जोड कच्चा राहायचा.

माझे वडील पिंपरीत कामगार युनियनची पत्रकं लिहायचे. त्यांच्या लेकीने हे लिहिलं!

आमच्या प्रयोगशाळेत टाइल्स चिकटवणाऱ्या बाई साठीला आलेल्या आहेत. फलक वाचून म्हणाल्या, "वा, डॉक्टर मॅडम! रविवारी माझी नात येणार आहे. तिला काय सांगू, आजी थुंकते?"

"तुमच्याबद्दल नाहीये हो ते."

"गोंद आळायला किती वेळ लागतो, माहीत आहे?"

माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्यांनीच चिकटवलेल्या टाइल्स तापवून बघत होते.

"गोंद सावकाश आळतो, तोवर टाइल दाबून धरावी लागते. वरून घाई. मग तो लवकर आळावा म्हणून माणूस सुचेल ते करतो. चूकच आहे, जा. पण घाई कोणाची?"

मी तडक प्राध्यापकांकडे गेले, ती ओळ काढू या म्हणाले. ते हसले. "हे बघा, लोकांना असे किस्से आवडतात. फलक छापून झालाय. आणि बाई कशाला रागावतील? त्या आपल्याच आहेत."

आपल्याच! पंचवीस वर्षं आपल्याच, आणि एकाही शोधनिबंधात त्यांचं नाव नाही. माझ्या दोन निबंधांतही नाही. माझं डोकं फिरलं. प्राध्यापकांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "गोंद आळायला वेळ लागायचा. जोड कच्चा राहिला असेल, तर आधी विचारा, कामाला वेळ किती दिला होता." बाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला, पाठीला टाइल्सचा गोंद लावला आणि फलकावरच्या त्या ओळीवर दाबून धरला. पूर्ण वेळ. घड्याळ बघून.

"आता काढून दाखवा म्हणावं."

रविवारी प्राध्यापकांनी पाहुण्यांसमोर एक कोपरा नखाने उचकटून पाहिला आणि नाद सोडला. तेवढ्यात बाईंची नात तो कागद मोठ्याने वाचू लागली. बाई शेजारीच उभ्या होत्या, ताठ. मग लोक प्राध्यापकांना सोडून त्यांनाच प्रश्न विचारू लागले.

पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात असं यान दिसलं, तर वैमानिकांचे फोटो बघून पुढे जाऊ नका. तिथल्या माणसाला विचारा, याच्या टाइल्स कोणी चिकटवल्या? उत्तर मिळालं नाही, तर अभिप्रायाच्या वहीत तोच प्रश्न लिहा. मराठीत लिहिलात तरी चालेल.