दोन शेचाळीस

नांदेडच्या एका दैनिकात बारा वर्षे मी इतरांच्या बातम्या तपासल्या. आवृत्ती बंद झाली तेव्हा लातूर जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका साखर कारखान्यात, भांडार विभागात, जागा मिळाली. हा कारखाना उसाचा पिळून उरलेला भुसा जाळतो, त्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. माझ्या तीन महिन्यांच्या उमेदवारीतले आठ दिवस उरले होते. ते नीट पार पडले की कायमचे पत्र आणि कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळणार होत्या. बायकोने नांदेडला भांडी बांधायला घेतली होती. इतक्यात नको, असे मी तिला दोनदा सांगितले होते.

भांडारात तेलाला नाव नसते, आकडा असतो. तेल किती पातळ किंवा दाट, एवढेच तो आकडा सांगतो. अडुसष्ट, शंभर, तीनशे वीस. शेहेचाळीसला सगळे शेचाळीस म्हणत. या आकड्याची दोन बॅरल शेजारी शेजारी उभी होती, एक निळे, एक पिवळे. रंग वेगळा म्हणजे पुरवठादार वेगळा, अशी माझी समजूत होती.

त्या दुपारी टर्बाइनचे फोरमन स्वतः आले. हे मूळचे देगलूरचे. गुजरातेत गॅसवरच्या टर्बाइनवर अठरा वर्षे काढून ते घराजवळ परतले होते. टर्बाइनच्या टाकीतले तेल चार बोटे उतरले होते.

"दोन कॅन शेचाळीस द्या, साहेब."

"शेहेचाळीसच ना?"

"हाव."

"म्हणजे चारावर सहा?"

"काय राव, पाढा म्हणून दाखवू का?"

मी आकडा अंकी लिहिला, अक्षरी लिहिला, दोनदा वाचला, त्यांची सही घेतली आणि पांढरे कॅन भरून दिले. चिठ्ठीत एकही चूक नव्हती.

माझा चहा संपतो न संपतो तोच उसाच्या मोळ्या उतरवणाऱ्या क्रेनचा चालक आला. त्यालाही शेचाळीस हवे होते.

"पिवळ्यातलं द्या."

"दोन्ही एकच की."

"न्हाई हो! निळं टर्बाइनचं, पिवळं आमच्या क्रेनचं. निळं एकदा आमच्या क्रेनला घातलं तं चालली बिचारी. पण पिवळं टर्बाइनला घालत न्हाईत."

"का?"

"मला काय मालूम? घालत न्हाईत म्हंजे न्हाईत."

मी फोरमनना पिवळ्यातले दिले होते.

भांडार ते टर्बाइनघर हे अंतर मी तोवर पळत कधी गेलो नव्हतो. मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांच्या तीन रांगा होत्या. टर्बाइनघरात इतका आवाज असतो की माणसे खुणांनी बोलतात. मला खुणा येत नव्हत्या.

"पिवळं!" मी ओरडलो.

फोरमननी कानातला बोळा काढला. "कोण पिवळं?"

"पिवळं! मी! मी दिलं!"

त्यांनी माझा दंड धरला, मला खिडकीजवळ उजेडात नेले आणि अंगठ्याने माझी डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. मला कावीळ झाली, असा त्यांचा समज झाला होता. मी कॅनकडे बोट दाखवले, मग भांडाराकडे, मग हातांनी क्रेन करून दाखवली. एक कॅन अजून बंद होता. दुसरा टाकीच्या तोंडावर उपडा होता. त्यातून शेवटचा थेंब पडताना मी पाहिला. फोरमननीही पाहिला, आणि ते बंद कॅनवर बसले.

"वीस लिटर गेलं," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "टाकी चार हजाराची हाय म्हणून देवाचं नाव घ्यायचं."

टाकीतल्या मिश्रणाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे जाताना त्यांनी मला प्रकरण समजावले. "तिकडं गॅसच्या मशीनवर तेल भाजायचं, इकडं वाफेच्या मशीनवर भिजतंय. वाफ कुठूनतरी आत शिरती, तिचं पाणी होतं. टर्बाइनचं तेल ते पाणी सोडून देतं, आपण खालून काढून घेतो. क्रेनच्या तेलात वेगळी औषधं असतात. त्यानं पाणी धरून ठेवलं, फेस केला, तर मशीन बंद, टाकी रिकामी, गाळप बंद."

"आणि मी?"

"तुम्ही नांदेडला," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता.

प्रयोगशाळेतल्या ताई उदगीरच्या. आधी लातूरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि नमुना हुंगला.

"सोयाबीन असतं तर आत्ताच सांगितलं असतं. याला वेळ लागंल."

मापाच्या काचेच्या नळीत अर्धे तेल, अर्धे पाणी, दोन्ही कोमट. पाच मिनिटे यंत्राने घुसळले. नळीत पांढरट घट्ट काहीतरी तयार झाले.

"हे तं ताक झालं की हो," फोरमन म्हणाले.

"दादा, श्वास सोडा. तुम्ही पडलात तर मी एकटी उचलणार न्हाई."

"हे साहेब हायेत की."

"ते तुमच्या आधी पडून राहिलेत."

पाच मिनिटांनी ताक ताकच होते. दहा मिनिटांनी तळाशी एक रेघ दिसली. फोरमन म्हणाले रेघ आहे, मी म्हणालो ओरखडा आहे, ताई म्हणाल्या दोघांनीही टेबलाला हात लावू नये. पंधराव्या मिनिटाला वर सोनेरी तेल होते, खाली स्वच्छ पाणी, मध्ये पातळ जाळी. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा नळीला लावला.

"जाळी दोन मिली. तीनपर्यंत चालतं. सुटलं."

"कोण?"

"पाणी. आणि तुम्ही."

आधी फोरमन हसले. कानांत अजून टर्बाइन घुमत असल्याने ते ओरडल्यासारखे हसले. मी खुर्ची शोधली, ती मागे सरकली, मी जमिनीवर बसलो आणि तिथेच हसत राहिलो. ताई आम्हाला गप्प करायला उठल्या आणि फळीला टेकून डोळे पुसू लागल्या. "नळी पडंल! अहो, नळी पडंल!" नळी त्यांच्याच हातात होती.

फोरमननी मुख्य अभियंत्यांना फोन लावला. "साहेब, चूक आम्ही दोघांनी मिळून केली. त्यांनी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." पलीकडून बराच वेळ बोलणे झाले. निर्णय असा: टाकीत फेस दिसत नाही, मशीन चालू राहील. तीन दिवस दर दोन तासांनी दिवसपाळीत नमुना तपासायचा, आणि तो भांडारातल्या माणसाने पळत आणायचा. पत्र ठरल्या दिवशी मिळेल.

मी बायकोला फोन केला. "भांडी बांध."

"अहो, कवाच बांधून झाली. आता चहा शेजारणीकडं पिऊन राहिलेय."

तीन दिवस मी गरम बाटली छातीशी धरून ट्रॅक्टरांमधून पळत होतो. तेल सोन्यासारखे दिसे. दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याने वरून हाक मारली.

"साहेब, मध हाय का?"

"हाव!" मी म्हणालो आणि पळत राहिलो.