बोलणं नसलेली पानं

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली, म्हणून गेले आठ दिवस घर आवरते आहे. काल माळ्यावरचं एक खोकं खाली काढलं आणि झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला. त्याच्या मागोमाग, जरा उशिरानं, दुसरा एक वास आला. गुळगुळीत कागदाचा, परदेशी शाईचा, किंचित गोडसर. खोक्यात सुपरहिरोंच्या कॉमिकचे चाळीसेक अंक होते, दर आठवड्याला निघणाऱ्या एकाच मालिकेचे. सगळे एका जुन्या लुंगीत बांधलेले. ती गाठ बाबांच्या हातची होती. गिरणीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस कापडाची गाठ कशी मारतो हे मला डोळे मिटूनही ओळखता येतं. मी खाली फरशीवर बसले आणि त्या दिवसाचं आवरणं तिथंच संपलं.

हे अंक आमच्या घरात आले ते माझ्या नोकरीतून. मी अंधेरीच्या एका स्टुडिओत डबिंगसाठी मराठी संवाद लिहायची. या मालिकेवरून कार्टून होणार, ते मराठीत येणार, असं काहीतरी चाललं होतं, म्हणून पहिल्या काही अंकांचा गठ्ठा मला वाचायला दिला. पुढे ते काम बारगळलं, गठ्ठा घरी राहिला. त्याच सुमाराला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खिडकीतून दिसणारी नॅशनल पार्कची झाडं बघत ते दिवसभर पलंगावर पडून राहू लागले. एका रविवारी बघते तर त्यांच्या छातीवर अंक उघडा. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण चित्रांतून बराच मजकूर त्यांनी लावून ठेवला होता. मला म्हणाले, "वाच गो माका. मराठीत."

तेव्हापासून दर रविवारी, जेवणं झाल्यावर, एक अंक. मी सांगायची, "चार पडलेत बाबा, संपवून टाकू." ते मान हलवायचे. "एक पुरे. दुसरो पुढच्या आयतवारी." वाचून झालेला अंक आठवडाभर त्यांच्या उशाशी असायचा. मी जे दहा मिनिटांत वाचून दाखवायची, ते ते सात दिवस बघत असत.

मालिकेचा नायक लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा तरुण. पडणारी कुठलीही वस्तू हवेत थांबवायची शक्ती त्याच्या हातात आलेली. केपसारखी राखाडी झूल खांद्यांवरून पाठीवर सोडून तो शहरभर फिरतो, कोसळते पूल सावरतो, आणि लहानपणापासून ज्यानं त्याला वाढवलं त्या म्हाताऱ्या शिंप्याला यातलं काहीही सांगत नाही. पोरगं रात्रपाळीला जातं, एवढंच म्हाताऱ्याला ठाऊक. निदान माझी समजूत तशी होती.

आता माझ्या धंद्याची एक खोड सांगते. डबिंगचं लिहिताना आम्ही पडद्यावर एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर उड्या मारत जातो. मधे कोणी नुसतं चालतंय, दार उघडतंय, चहा ओततंय, तिथं बोलणं नाही म्हणजे आमचं काम नाही. ते न बघता पुढे ढकलायचं. दहा वर्षं हे केल्यावर हात आपोआप पुढे ढकलतो. अंक वाचतानाही माझं तेच चाललं होतं. बोलण्याचे फुगे असले की वाचायचं, पान मुकं असलं की "यात काही नाही" म्हणून पलटायचं. या मालिकेत मुकी पानं तर ढिगानं. म्हातारा टेबलाशी बसलेला. म्हातारा खिडकीत. दोन ताटं मांडलेली, एकावर झाकण. मला वाटायचं, चित्रकार पानं भरतोय.

दोनतीन महिने बाबांनी चालवून घेतलं. मग एका रविवारी त्यांचा पंजा पानावर पडला.

"थांब गो. खंय पळतंस?"

"बाबा, यात काहीच लिहिलेलं नाही."

"लिवलेला नाय म्हणान काय झालाच नाय? तो म्हातारो अजून जेवूक नाय."

त्या दिवसापासून पान पलटायचा अधिकार माझ्याकडून गेला. ते चित्र बघत राहायचे, कधी चष्मा वर करून, कधी बोटानं कोपरा चाचपत, आणि पुरतं बघून झालं की म्हणायचे, "पलट आता." मी जाम वैतागायची. हाणामारीच्या पानाला त्यांना चार सेकंद लागत आणि म्हाताऱ्याच्या रिकाम्या ताटाला दोन मिनिटं.

पुढचे अंक मी घाटकोपरच्या एका दुकानातून आणायला लागले. दुकानवाला पंचविशीतला, बडबड्या. "मॅडम, हे काय चालवलंय यार? तीन अंक झाले, हिरोनं हात नाय उचलला. कस्टमर शिव्या घालतात मला." त्याचं गाऱ्हाणं प्रकाशकांपर्यंत पोचलं असावं, कारण मालिकेनं एकाएकी वेग घेतला. लेखक बदलला. एका अंकात सहा नवे हिरो आले, पुढच्यात दुसऱ्या ग्रहावरची फौज. आपला लिफ्टवाला त्या गर्दीत पाचव्या ओळीत उभा दिसायचा आणि म्हातारा तर दिसेनासाच झाला. मला हायसं वाटलं, वाचायला भरपूर होतं. बाबा मात्र दर रविवारी शेवटचं पान झालं की एकच प्रश्न विचारायचे.

"तो म्हाताऱ्याक सांगतलो कधी?"

"सांगेल हो. कळल्यावर म्हाताऱ्याला धक्का बसेल ना, म्हणून थांबलाय."

"धक्को कसलो? त्याका सगळा म्हायत हा."

"कुठे लिहिलंय?"

ते हसायचे आणि अंक उशाशी ठेवायचे.

आता जे सांगायचं टाळते आहे ते सांगून टाकते. हे रविवार चालू असतानाच आमच्या स्टुडिओनं भाषांतराचं खातं बंद केलं आणि आम्हा आठजणांना घरी जायला सांगितलं. मी घरी सांगितलं नाही. गुडघा पुरता सुधारला नव्हता, बाबांना घोर नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला लाज वाटत होती. चार महिने मी रोज नऊला डबा घेऊन निघायची, घाटकोपरच्या एका वाचनालयात बसून किरकोळ कामं करायची आणि संध्याकाळी थकल्याचा चेहरा करून परतायची. मग मुलुंडला दुसरी नोकरी लागली. "जागा बदलली, बरी आहे," एवढंच मी सांगितलं. ते म्हणाले, "बरा झाला," आणि चहा टाकायला उठले. प्रकरण मिटलं असं मी धरून चालले. दीड वर्षानं बाबा गेले. त्यांना काही कळलं नाही याचं मला इतकी वर्षं समाधान होतं. खरंच सांगते, समाधान होतं.

काल लुंगीची गाठ सोडून मी पहिल्यापासून अंक चाळले. फुगे वाचले नाहीत, ते पाठ आहेत. फक्त मुकी पानं बघितली. पाचव्या अंकात, मी नक्कीच झपकन पलटलेलं, एक पान आहे. सहा चौकटी. सकाळ. पोरगा गाढ झोपलेला. म्हातारा कपाट उघडतो. शर्टांच्या मागून राखाडी झूल काढतो, खांद्याशी फाटलेली. खिडकीशी बसतो, सुई ओवतो. शेवटच्या चौकटीत झूल परत होती तिथं, शर्टांच्या मागे. मी पुढचे अंक भराभरा काढले. प्रत्येक लढाईत, उडताना, पडताना, गर्दीत पाचव्या ओळीतसुद्धा त्या खांद्यावर तिरक्या टाक्यांची बारीक रेघ आहे. अख्खी मालिका मी मोठ्यानं वाचली आणि ती मला दिसली नाही. गिरणीवाल्याला ती पाचवा अंक उशाशी होता त्याच आठवड्यात दिसली असणार.

आणि मग फरशीवर बसल्या बसल्या दुसरं काहीतरी आठवलं. मी घरी आले की बाबा रोज विचारायचे, "काय गो, आज कोणाक मराठी बोलूक लावलंस?" आमची जुनी थट्टा. ज्याला मराठीत बोलायला लावलं त्याचं नाव मी सांगायची आणि ते खदखदून हसायचे. त्या चार महिन्यांत त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नाही. मुलुंडची नोकरी लागली त्या आठवड्यात पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात मला खोटं बोलावं लागू नये म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं होतं. मी दारात चप्पल काढायची, ते माझ्या हातातून डबा घ्यायचे, धुवायचे, पालथा घालायचे. त्यात बोलणं नव्हतं, म्हणून मी तेही पुढे ढकललं होतं.

"तो सांगतलो कधी?" हे ते दर रविवारी कोणाला विचारत होते, ते काल मला कळलं.

मालिकेत पोरगा म्हाताऱ्याला शेवटपर्यंत काही सांगत नाही. चाळिसाव्या अंकानंतर मालिका बंद पडली आणि नव्या हिरोंच्या वेगळ्या मालिका निघाल्या. लेखकाला वेळ मिळाला नसेल, किंवा म्हातारा त्याच्या लक्षातून गेला असेल. मी कोणत्या तोंडानं त्याला नावं ठेवू?

मी पाचवा अंक परत उघडला, ते सहा चौकटींचं पान मांडीवर घेतलं आणि रिकाम्या पलंगाकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "बाबा, माझी नोकरी गेली होती. चार महिने." घर निम्मं खोक्यांत गेलेलं, त्यामुळे आवाज जरा घुमला. मग मी चित्र बघत बसले. कपाट, झूल, खिडकी, सुई. बघून पुरतं झालं तरी पान पलटलं नाही. पलट आता, असं कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत राहिले.