न कुजलेला फ्रॉक

बाबल्याने जन्मभर कलमांसाठी खड्डे खणले, तेही कातळात. पहार कुठे मारली की चिरा सुटतो, हे त्याला आवाजावरून कळे. आता सत्तरी उलटली होती, तरी परसातला माडाचा खड्डा त्याने दुसऱ्याला खणू दिला नाही.

कमरेइतकं खाली गेल्यावर मातीत पिवळं काही चमकलं. नायलॉनचं कापड. त्याने पहार ठेवली आणि हाताने माती उकरली. पाठ, पोट, दोन बाह्या, असे सुटे तुकडे आले. शिवणीचा सुती दोरा कुजला होता, कापडाचा मात्र रंगही गेला नव्हता.

त्याने ते ओळखलं. तरुणपणी आपल्या तान्ह्या पोरीला इथे पुरल्यावर खूण म्हणून ठेवलेला चिरा पुढे कोणीतरी उचलून पायरीला लावला होता. त्यामुळे जागेचा अंदाज चुकला.

पोरगी बारशाच्या आदल्या दिवशी गेली. नाव ठेवायचं राहिलं. लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. रीतीप्रमाणे सगुणाआतेने जुन्या लुगड्याचं मऊ जुनेर आणलं, पण त्याची बायको गुणवंती अडून बसली. "जन्मली ती जुनेरातच. जाताना तरी नवं घाला." रत्नागिरीच्या बाजारातून बारशासाठी आणलेला हाच पिवळा फ्रॉक तिने स्वतः घातला, जुनेर वरून गुंडाळलं.

आता जुनेर नव्हतं. पोरगीही नव्हती. बाबल्याने बोटांनी माती चाळली, पुन्हा चाळली. हाड नाही, काही नाही.

गुणवंती चहा घेऊन आली. त्याने तुकडे मुठीत धरले.

"काय गावलं वो?"

"काय नाय. चिंधी हाय."

"चिंधी धरून बसलाव? तिनं माड लागनार हाय काय?"

तो हसला नाही. तिने त्याची मूठ उघडली. कप कलंडला.

तो म्हणाला, "परत ठेवूया?"

"नको. मातीनं पोरीला घेतलं, ह्याला घेतलं नाय. नको ते मातीला किती वेळा द्यायचं?"

तिने तुकडे साबणाने धुतले, दोरीवर वाळत घातले. दगडी गडग्यापलीकडून शेजारची हौसा ओरडली, "गुणवंते, कुनाचं बाळ आलंय गो?"

"आलं व्हतं," गुणवंती म्हणाली आणि घरात गेली.

बाबल्याने माड तिथे लावला नाही. खड्डा बुजवायला घेतला. भरलेली माती पायाने दाबायची असते, नाहीतर पावसात खचते. त्याने ती गुडघ्यावर बसून, हाताने दाबली. अंधार पडेपर्यंत पुरलं ते काम.