परदेशात गाडी रिव्हर्स घेताना

तीस वर्षं ट्रक चालवला, पण गाडीला कधी लिंबू-मिरची बांधली नाही. अमक्या वळणावर बाई हात करते, तमक्या पुलावर गाडी आपोआप बंद पडते, असल्या गोष्टी ढाब्यावर पुष्कळ ऐकल्या आणि जेवून उठलो. विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही...

गेल्या वर्षी याच सदरात मी न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवून फिरण्याबद्दल लिहिलं होतं. लातूरहून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिथंही डावीकडूनच चालवायचं असतं, म्हणून गाफील राहू नका. एकपदरी पुलावर आपल्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबा. खडीच्या रस्त्यावर विमा लागू होतो का, ते आधी विचारा. आणि शेवटचा सल्ला — रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यावर विसंबू नका, उतरून मागं बघा. त्यामागचं कारण तेव्हा लिहिलं नाही. ते आज लिहितोय.

दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन. नदीकाठी खडीच्या मोकळ्या जागेत फक्त आमची गाडी, आत आम्ही दोघं नवरा-बायको. मी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर हिरवं गवत, सेन्सर गप्प. हळूहळू मागं घेत होतो आणि मागच्या पत्र्यावर थाप पडली. एकच. सपाट पंजाची, जोरात.

मी ब्रेक दाबला. बायको मुरुडची, घाबरणारी नाही. मागं वळून म्हणाली, "अहो, कोण हाय मागं?"

कोणी नव्हतं. उतरून बघितलं तर मागच्या चाकापासून वीतभरावर काठ आतून पोखरलेला, वर नुसतं गवत. खाली खोल नदी.

ती थाप माझ्या ओळखीची होती. गफूर माझा क्लीनर, वयानं माझ्याहून मोठा, तरी मला उस्ताद म्हणायचा. त्यानं पत्र्यावर दोन थापा मारल्या की येऊ द्या, एक मारली की थांबा. देगलूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एकदा ट्रक मागं घेताना एका हमालाचा पाय चाकाखाली गेला. गफूरनं दोन थापा मारल्या, असं मी मालकाला सांगितलं. मोंढ्यात सगळ्यांनी ते खरं धरलं. देगलूरपासून हदगावपर्यंत कुणी त्याला परत गाडीवर घेतलं नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, "उस्ताद, मी एकच मारली व्हती."

परत आल्यावर देगलूरला गेलो. गफूर जावयाच्या पंक्चरच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. चांगला हिंडता-फिरता. मनातून मला वाटत होतं की तो गेला असेल, म्हणजे निदान काही अर्थ लागला असता. न्यूझीलंडची हकीकत ऐकून तो हसला.

"माझ्याकडं पासपोर्ट न्हाई, उस्ताद."

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही, नाकारलीही नाही. समोर लटकलेली ट्यूब सरळ करत त्यानं विचारलं,

"बाईंनी किती ऐकल्या?"

"एकच."

"मंग त्यांना साक्षीला घ्या. तुमच्यावर कोन इस्वास ठेवंल?" मग आवाज उतरवून म्हणाला, "मला सांगून काय उपेग? मला ठाऊकच हाय. मोंढ्यात सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोंढ्यात उभा राहून सांगितलं, की गफूरनं एकच मारली होती. त्या वेळचे दोन आडते आणि चार-पाच हमाल उरलेत. तो पाय गेलेला हमाल आता नाही. लोकांनी ऐकलं आणि ते वजनकाट्याकडं वळले. आता इथंही लिहितोय, कारण मोंढ्यातसुद्धा मी अर्धंच बोललो. बाजाराच्या गलक्यात मला नीट ऐकू आलं नाही, गोंधळ झाला, असं म्हणालो.

गोंधळ झाला नव्हता. दुसरा ट्रक आत शिरायच्या आधी मला जागा धरायची होती, आणि अजून हातभर जाईल असं वाटलं.

हजारो मैलांवर, जिवंत माणसाची थाप आमच्या गाडीवर कशी पडली, ते मला सांगता येत नाही. कुणाला सांगता येत असेल तर जरूर लिहा. मी फक्त एवढं खात्रीनं सांगू शकतो — गफूरनं एकच थाप मारली होती, आणि मला ती दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आली होती.