दारातली काटेरी कुंडी

मुलगी सासर सोडून कायमची घरी आली, तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि दुसऱ्या हातात मातीची कुंडी. कुंडीत हातभर उंचीचे झाड, खोडावर बोट ठेवायला जागा नाही इतके काटे, आणि शेंड्याला लाल फुलांचा झुबका. बेसा येथील आमच्या लहानशा घराच्या पायरीवर, उंबऱ्याला लागूनच, तिने ती कुंडी ठेवली आणि मग आत येऊन मला नमस्कार केला. न्यायालयाचा घटस्फोटाचा निर्णय तिने फोनवर सांगितलाच होता.

नर्सरीवाले या झाडाला युफोर्बिया म्हणतात. काटे निवडुंगासारखेच, फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो आणि तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपावे लागते. ते झाड तिला कार्यालयातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने दिले होते. येशूच्या मस्तकावरील काट्यांच्या मुकुटाची आठवण म्हणून त्यांच्यात हे झाड लावतात, असे मुलीने सांगितले तेव्हा मी हात जोडले. ज्या वस्तूपुढे कोणाचे तरी मस्तक नमते, तिच्याशी माझे वैर नाही.

त्याची एक फांदी मी हौसेने कापून लगेच मातीत खोचली. ती कुजली. मुलगी म्हणाली, "बाबा, हिला घाई चालत नाही. कापलेली फांदी सावलीत नुसती पडू द्यायची. चीक सुकून जखमेवर खपली धरली की मग लावायची. तोवर हात लावायचा नाही." ती झाडाविषयीच बोलत होती, असे मी आजही धरून चालतो.

संध्यावंदन झाल्यावर त्या कुंडीजवळ बसण्याची मला सवय लागली. संस्कृतात कंटक म्हणजे काटा, शत्रू आणि विघ्नही. राज्य निष्कंटक असावे, असा आशीर्वाद देतात. पण आनंदाने शहारलेल्या देहालाही तीच भाषा कंटकित म्हणते. आपल्या मराठीतही भीतीने काटा येतो तसा भक्तीनेही येतोच. शब्दाने दोन्ही अर्थ सांभाळले. माणसांनी एकच उचलला, हे मला भाद्रपदात कळले.

पत्नी गेल्यापासून आमच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, माझी थोरली बहीण बसवते. ती प्रताप नगरहून आदल्या दिवशीच येते. त्या वर्षी ती आली आणि पायरीशीच थबकली.

"काहून गा, हे काट्याचं दारात काहून ठेवलं? उद्या महालक्ष्म्या येतीन इथून. पदर अटकन त्यायचा."

"सांभाळून येतील. त्यांना सवय आहे."

"हसू नको. घर फुटते अशानं. पोरीचं फुटलंच ना."

मुलगी आत भाजी निवडत बसली होती. तिचे हात थांबलेले मला दारातून दिसले. ताईने आवाज उतरवला. पण तिचा उतरवलेला आवाजही शेजारच्या घरात जातो.

"अन् हे पाय, मुखवटे मी आनीन अन् तुह्या शेजारची सून आनन. हिनं हात नको लावू. तू शास्त्री होय, तूच सांग तिले. तुह्या तोंडून आयकलं तर वाईट नाही वाटनार."

आमच्या घराण्यात शास्त्राच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा मानतात. मी नुसती मान हलवली असती, तरी मुलगी निमूट स्वयंपाकघरात राहिली असती, आणि पुन्हा कधी देवीसमोर उभी राहिली नसती. तिचा स्वभाव मी जाणतो.

शास्त्राविषयी मला खोटे बोलता येत नाही. म्हणून म्हणालो, "घराजवळ काटेरी झाड नसावे, असे वास्तूच्या ग्रंथात आहे. त्याच ठिकाणी फळझाडही नसावे, असे आहे. तुझ्या अंगणात लिंबू आहे. त्याला काटेही आहेत आणि फळेही. चल, आधी ते तोडू."

"लिंबाचं येगळं असते!"

"आणि बेलाचं?"

"बेल महादेवाचा होय."

"मग त्याचे काटे कोणाचे?"

"तुह्याशी कोन बोलन गा! पोरीचं सांग. तिच्याबद्दल काय म्हनते तुहं शास्त्र?"

"मी शास्त्र शिकलो ते देवीला घरात घ्यायला, लेकीला दाराबाहेर ठेवायला नाही. थोरला मुखवटा तीच आणील. ज्यांना चालणार नाही, त्यांनी प्रसादाला येऊ नये. कुंडीही तिथेच राहील."

"मंग मी नाही विचारनार," ताई म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

त्या धमकीचा अर्थ असा, की मुखवटा घेऊन बाई उंबऱ्याबाहेर उभी राहते, आतून दुसरी विचारते, "कोण आली?" बाहेरची सांगते, "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." मग पाऊल आत. आतून कोणी विचारलेच नाही, तर देवी दारातच.

दुसऱ्या दिवशी मुलीने रांगोळीची पावले काढली. कुंडीपाशी ती पावले वळसा घेऊन आत गेली. मग मुलगी थोरला मुखवटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मागे शेजारची सून धाकटा मुखवटा सांभाळत होती. आत ताई ओठ मिटून समईची वात सारखी करत राहिली. सगळे थांबले होते.

हा मान बायकांचा. आमच्या घरी तो पुरुषाने कधी घेतला नव्हता. मी उंबऱ्याशी गेलो आणि विचारले, "कोण आलं?"

माझा आवाज ऐकून ती गोंधळली. म्हणाली, "मी आले, बाबा."

माझ्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला. उत्तर चुकले आहे, असे मला म्हणवेना.

"मी आले काय म्हनतं वं!" आतून ताई कडाडली. "महालक्ष्मी आली म्हन! अन् तू गा, पोस्टमन आल्यासारखं 'कोण आलं' विचारतं काय? सर बाजूले." मला दूर करून ती माझ्या जागी उभी राहिली. तिचा आवाज मात्र फाटला होता. "कोण आली?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी."

मुलीने पाऊल उचलले आणि तिचा पदर खरोखरच काट्यात अडकला. तिचे हात देवीने भरलेले. ताई खाली वाकली, एकेक काटा बाजूला करत तिने पदर सोडवला आणि बोट तोंडात धरून म्हणाली, "म्हनलं होतं ना मी?"

कुंडी हलव, असे मात्र ती म्हणाली नाही. म्हणाली असती, तरी ती हलली नसती.