रबाळ्याची सनई

जिवंत माणसाचे किस्से सांगताना जपावं लागतं. तो मध्येच "असं काही झालंच नव्हतं" म्हणून मोकळा होतो. गेलेल्या माणसाचं तसं नाही. कोपरखैरण्याच्या बुद्धविहारात गमरेकाकांच्या पुण्यानुमोदनाला जो तो माईक धरून किस्सा सांगत होता. ज्याने त्यांच्याकडून कधीतरी टेस्टर नेला आणि परत दिलाच नाही, त्याच्याकडेसुद्धा सांगायला काहीतरी होतं!

माझी पाळी आली. मी घसा साफ केला आणि सुरू केलं, "गमरेकाका म्हणजे एक युगप्रवर्तक व्यक्तिमत्त्व..."

मागच्या रांगेतून बबनदादा मोठ्याने म्हणाला, "मॅडम, कोनाबद्दल बोलताय?"

सगळा विहार हसला. काकूसुद्धा. मी खाली बसले.

म्हणून आता भाषण नाही. नुसतं सांगते.

आधी माणसं ओळखून घ्या. अनंत गमरे, म्हणजे आमचे काका, मूळचे कोकणातले. रबाळ्याच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनल डिझाइन करायचे. एक दिवस ती चांगली नोकरी सोडली, एमआयडीसीत पॅकेजिंगच्या कंपनीमागे छोटा गाळा घेतला आणि स्वतःचा सिंथेसायझर बनवायला बसले. परदेशी कीबोर्ड उघडून त्याची नक्कल नाही. सर्किटपासून सगळं स्वतःचं. आज आपल्या पट्ट्यात हळद असो, जयंती असो, कीबोर्डवर जी सनई वाजते ती मुळात काकांची. वाजवणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

बबनदादा म्हात्रे कोपरखैरणे गावातला. आमच्या म्युझिकल पार्टीचा मालक, गायक, आणि गरज पडली तर ऑक्टोपॅडवालाही.

आणि मी. हार्मोनियम विशारद. सोसायटीत क्लास घेते, म्हणून 'मॅडम'. पार्टीत कीबोर्डवर. विशारद आहे हे मी आत्ता सांगितलंच, पण त्या काळात मी ते दर दहा मिनिटांनी सांगायचे.

* * *

पहिली भेट. माझ्या कीबोर्डची एक पट्टी वाजेना आणि संध्याकाळी कार्यक्रम. बबनदादाने मला रिक्षात घालून रबाळ्याला नेलं.

काका स्क्रू काढायला लागले तसं मी बजावलं, "जरा सांभाळून हं. इम्पोर्टेड आहे."

त्यांनी झाकण उघडलं. चिमट्याने आतून एक हेअरपिन काढली. मग एक सेफ्टी पिन. मग टिकली, लाल, मोठी. मग चकलीचा तुकडा. एकेक वस्तू टेबलावर ओळीत मांडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"यातलं इम्पोर्टेड कुठलं?"

* * *

त्याच दिवशी मी त्यांचं यंत्र पाहिलं. गोदरेजच्या कपाटाला शोभेल असा पत्र्याचा डबा, वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि ओळीने बटणं. गोल फिरवायची. बटणांखाली इंग्रजी काही नाही, पांढऱ्या रंगाने मराठीत लिहिलेलं: 'नाक', 'आळस', 'धार', 'राग'.

चकलीमुळे माझी लाज गेलेली होती. ती परत मिळवायची ही संधी! मी शास्त्रीय संगीतातल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "वा! यात कुठले कुठले राग आहेत?"

"एकच," काका म्हणाले.

"कुठला?"

"माझा."

आणि त्यांनी ते बटण फिरवलं. साधा सरळ वाजत असलेला सूर असा काही खवळला, की शेजारच्या गाळ्यातला माणूस बघायला आला. "कुणाचं भांडण?"

बबनदादा खुर्चीत बसून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पुढे पार्टीत कुणी चिडलं की तो म्हणायचा, "मॅडमनी आज भूप नाय, गमरे लावलाय!"

* * *

काकांना तंबोरा, ट्यूनर, मोबाइलवरचं ॲप, काही लागायचं नाही. मागच्या पॅकेजिंग कंपनीत पुठ्ठ्याची खोकी बनायची, तिचा कॉम्प्रेसर दिवसभर एका सुरात घुमायचा. काका यंत्र त्याच्याशी लावायचे. तोच त्यांचा सा.

मला हे माहीत नव्हतं. एकदा शुक्रवारी मी यंत्र लावून घ्यायला गेले. गाळा उघडा, काका आरामात पेपर वाचत बसलेले.

"काका, जरा लावून देता? उद्या कार्यक्रम आहे."

"उद्या सकाळी या. शुक्रवार आहे, एमआयडीसीला सुट्टी. आज सा बंद आहे."

मी घरी जाऊन आमच्या ह्यांना, क्लासच्या मुलांना सांगितलं आणि खूप हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. कारण यंत्राशेजारी बसून बसून माझ्या कानातही तोच कॉम्प्रेसर बसला होता. क्लासमधल्या मुलांना मी पेटीशिवाय सा लावायला सांगितला की आख्खा वर्ग तो लावायचा. एका मुलीचे आजोबा, जुने गवई, एकदा बसून ऐकत होते. त्यांनी फार आदराने विचारलं, "बाई, हा सूर कुठल्या घराण्याचा?"

माझ्याआधी वर्गातला एक पोरगा ओरडला, "पुठ्ठ्याच्या!"

* * *

काकांच्या सनईचं खरं श्रेय काकूंना. हे मी म्हणत नाही, काका स्वतः म्हणायचे, आणि काका सहसा कुणाला श्रेय देणारे नव्हते. स्वतःला मात्र भरपूर द्यायचे!

काकू वस्तीतल्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात. जयंतीला पुढे उभ्या राहून भीमगीतं म्हणायच्या. काकांनी पहिली सनई तयार केली तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यांना गाळ्यात बोलावून ऐकवली. काकूंनी डबा मांडीवर ठेवून सगळं ऐकलं.

"छान आहे. पण ही बाई श्वास कधी घेते?"

"सनई आहे ती."

"मग वाजवणारा मेला असेल."

काका जेवले नाहीत. डबा तसाच परत गेला. त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी त्या एका गोष्टीवर घालवले. गावोगावच्या लग्नात सनईवाल्यांच्या पुढ्यात जाऊन बसायचे. त्यांच्या गालांकडे बघायचे, ते दम कुठे तोडतात ते ऐकायचे. एका सनईवाल्याला वाटलं हे मुलीकडचे कुणी खडूस पाहुणे आहेत. त्याने घाबरून अक्षता पडायच्या आधीच वाजवणं थांबवलं.

शेवटी यंत्रावर नवं बटण आलं. 'श्वास'. सूर लांबला की मध्येच निमिषभर तुटायचा, आत एक बारीक घरघर यायची आणि सूर पुन्हा उभा राहायचा. अंगावर काटा यायचा, खरंच.

माझ्या नाही आला. कारण हे नवं बटण बसवलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाळ्यात बाहेरून आलेल्या चार कलाकारांसमोर मी ते वाजवत होते. सूर तुटला. मी पत्र्यावर थाप मारली. पुन्हा तुटला, पुन्हा थाप. मी लोकांकडे बघून समजुतीने हसले, "लूज कॉन्टॅक्ट आहे. हाताने बनवलेल्या वस्तूंचं असंच."

काका मागे उभे होते.

"मॅडम, तो श्वास घेतोय. पाठीत का घालताय त्याच्या?"

* * *

यंत्राचा पहिला मोठा कार्यक्रम घणसोलीत, एका हळदीला. मांडवात चहूबाजूंनी हॅलोजन, समोर आख्खं गाव. काका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले, इस्त्रीचा शर्ट. चेहऱ्यावर मुलगी बोहल्यावर चढल्यासारखा भाव.

पहिली गाणी झकास गेली. मग यंत्र तापलं. आणि तापलं तसं सुरात वर सरकायला लागलं. इतकं हळू, की मला कळलंच नाही. (विशारद!) बबनदादा गात होता. त्याला वाटलं आज आपला गळा बसलाय, म्हणून तो जोर लावत गेला. कोरसच्या बायका त्याच्यामागे. दोन कडव्यांनंतर त्याच्या कपाळाच्या शिरा दिसायला लागल्या. तो माझ्याकडे वळून, माईक बाजूला धरून ओरडला, "मॅडम, खाली या! खाली या!"

मला वाटलं स्टेजवरून खाली या म्हणतोय. मी उतरले.

कीबोर्ड बंद पडला, म्हणजे वाजवणारीच गेली. पण बबनदादा ज्या टिपेला पोचला होता तिथून त्याला खाली येता येईना. त्याने ते कडवं तसंच, नुसत्या ढोलकीवर, गळा फाडून पुरं केलं. आणि लोक वेडे झाले! नवऱ्याच्या मावशांनी फेर धरला. वन्समोअर, परत वन्समोअर.

काका उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी आणि बबनदादा घाबरत गाळ्यावर गेलो. ते यंत्राचं पोट उघडून बसले होते. डोळे लाल. वर न बघता म्हणाले, "माझी चूक आहे. उष्णता हिशेबात धरली नव्हती मी. लोकांसमोर तुमची फजिती केली."

बबनदादाचा आवाज पार बसलेला. तो कसाबसा कुजबुजला, "फजिती कुठची काका? अजून तीन सुपाऱ्या आल्या. बोल्लेत, तसंच वरती गेलं पायजे!"

घणसोलीत ते गाणं अजूनही शेवटच्या कडव्याला वर चढवतात. नव्या पोरांना विचारलं तर सांगतात, आमची जुनी परंपरा आहे.

* * *

काकांच्या सनईचा आवाज पुढे बाहेर पडला. कुणीतरी कार्यक्रमात रेकॉर्ड केला, कुणीतरी तो तोडून कॉम्प्युटरमध्ये घातला, आणि बघता बघता तो सगळ्यांच्या कीबोर्डात, मोबाइलमध्ये जाऊन बसला.

मला पत्ता लागला तो वाशीच्या एका मॉलमध्ये. शेजारी बसलेल्या मुलीच्या फोनवर कुणाच्या तरी लग्नाचं रील चालू होतं आणि मागे ती सनई! मी तिचा दंडच धरला. "हा आवाज आमच्या रबाळ्याचा आहे!"

ती म्हणाली, "सॉरी आंटी, आवाज कमी करते."

मी तडक गाळ्यावर. बबनदादाला फोन करून बोलावलं. तो आला तोच मुळी बाह्या सरसावून. "काका, केस टाकू! आपला माल हाय!"

काकांनी माझ्या मोबाइलवर ते पुन्हा पुन्हा ऐकलं. डोळे मिटून. मग फोन टेबलावर उलटा ठेवला.

"आवाजाला आधार कार्ड नसतं, बबन."

"म्हंजे गप बसायचं?"

काका बराच वेळ सोल्डरिंग गनचं टोक पुसत राहिले. "नाव नाही लावलं त्याचं काही नाही. पण यांनी आतली घरघर साफ केली रे. आमच्या हिने सांगितलेला श्वास तेवढा काढून टाकला."

त्या दिवशी आम्ही तिघांनी चहा घेतला आणि कुणीच विनोद केला नाही. आमच्या पार्टीच्या इतिहासात असं एकदाच झालंय.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी एक नवा उद्योग सुरू केला. आजूबाजूच्या गावांतल्या, वस्त्यांतल्या जितक्या कीबोर्डवाल्यांना गाठता येईल तितक्यांना गाळ्यावर बोलवायचं आणि त्यांच्या मशीनमध्ये स्वतःची सनई, श्वासासकट, घालून द्यायची. चहा काकांचा. अट एकच: वाजवताना पत्र्यावर थाप मारायची नाही. अट सांगताना ते माझ्याकडे बोट दाखवायचे.

* * *

आणि आता हा एक.

शेवटच्या वर्षी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, बोलणं गेलं. घरच्यांनी त्यांना लिहायला पाटी आणून दिली. ती त्यांनी सोल्डरिंग गन टेकवायला घेतली. मग बबनदादाने टेम्पो करून यंत्र गाळ्यातून त्यांच्या घरी, हॉलमध्ये आणून ठेवलं.

मी दुपारी भेटायला गेले. संत्री घेऊन. काका यंत्रापुढे बसलेले, गळ्याला पट्टी. मी त्यांच्यासमोर वाकून एकेक शब्द सुटा करत मोठ्याने विचारलं, "काका! आता! कसं! वाटतंय?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मॅडम, आवाज गेलाय त्यांचा. कान शाबूत आहेत."

काकांनी दोन पट्ट्या दाबल्या. खालून वर.

"नाही मिळणार साखर!" आतून उत्तर.

काकांनी त्याच पट्ट्या जरा घोळवून दाबल्या.

"डॉक्टरांना विचारा मग. मला नका सांगू."

पुन्हा एक छोटी तान, शेवटी घसरलेली.

"बरं, अर्धा चमचा."

मी थक्क. मी मनातल्या मनात स्वर लिहून घेत होते, ग म, ग म प, आणि इथे अर्धा चमचा साखर मंजूरसुद्धा झाली होती! मला राहवेना. मी काकांना म्हटलं, मी वाजवू? ते बाजूला सरकले. मी डोळे मिटले आणि मनात जे जे होतं, आदर, कृतज्ञता, सगळं ओतून एक आलाप वाजवला.

काकांचे खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होते.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मॅडम, गॅस संपला असेल तर आमचा दुसरा सिलिंडर न्या की. त्यात एवढं रडण्यासारखं काय?"

मी उठले आणि सोफ्यावर जाऊन बसले.

काकूंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. खिडकीतून ऊन त्यांच्यावर येत होतं, नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या, केस मोकळे. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी 'आळस'चं बटण जरासं फिरवलं, 'राग' पार शून्यावर नेला, आणि वाजवायला लागले. लांबलचक, सावकाश काहीतरी. मध्ये दोनदा श्वास घेतला. शेवटाला एक बारकीशी मुरकी.

काकू कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी तरातरा जाऊन भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"मॅडम, तुम्ही चहा घ्या हो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "या माणसाच्या तोंडाला लगाम म्हणून नाही!"