डोळा लागला नव्हता

त्या दिवशी माझा डोळा लागला नव्हता.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. बाप मरताना त्याच्या उशाला बसलो होतो, तेव्हा त्यालाही नाही. गावाला ठाऊक आहे ते एवढंच, की बाभळीखाली मला झोप लागली आणि मालकाची जनावरं बायांच्या बाजरीत शिरली. दहा-बारा वर्षं हीच गोष्ट चालत आली. मीच चालवली. मी टक्क जागा होतो.

सकाळची वेळ होती. मालक बाजरीच्या बांधावर उभे होते. त्यांचा धाकटा मुलगा मोटारसायकलला टेकून मोबाइल बघत होता. मालकांनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, दाणे दुसऱ्या हातावर पाखडून घेतले आणि तोंडात टाकले.

"गोड हाय," म्हणाले. "माझ्या मुरमाडात असली बाजरी म्या जन्मात बघितली न्हवती."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. बाजरी माझ्या बायकोची होती.

"हात पसर," मालक म्हणाले.

मला वाटलं, मलाही दाणे देतायत. मी हात पसरला. त्यांनी चोळलेलं रिकामं कणीस आणि भुसकट माझ्या तळहातावर झटकलं.

"ही तुझी बटई. धर घट्ट."

धाकटे मालक हसले. मी मूठ मिटली. भुसकट टोचत होतं, तरी मूठ उघडली नाही. उघडली असती तर काय झालं असतं? काहीच नाही. पण मिटली. हे मला अजून कळलेलं नाही.

मी त्यांचा सालगडी होतो. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्यांचा. आमचं गाव परंड्याकडच्या वाशीच्या अंगाचं. आमच्या वस्तीला कागदावर मातंग वस्ती म्हणतात, लोकांच्या तोंडात मांगवाडाच. वस्तीतल्या कुणाच्या नावावर ढेकूळभर रान नाही. सालाच्या बोलीत पगाराबरोबर ज्वारी ठरायची. ती मालकांच्या कोठीच्या तळची यायची, सोंडे पडलेली. निवडताना परातीत किडे चालायचे. माझ्या आईनं आयुष्यभर तीच निवडली. लग्न होऊन आल्यावर छबूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन वर्षं निवडली. तिसऱ्या वर्षी परात खाली ठेवून म्हणाली, "मला आपल्या हातची भाकर खायची हाय."

मी म्हणालो, "ही काय परक्याच्या हातची हाय व्हय? तूच थापती."

"थापते मी. पिकिवती का?"

त्याच सुमाराला वाशीहून एक ताई बायांच्या बैठका घ्यायला यायच्या. त्यांचं सांगणं सोपं होतं. आधी घराचं खाणं पिकवा, विकायचं मग बघू. एकाच तुकड्यात बाजरी, तूर, मूग, मटकी, चवळी, अंबाडी. एक गेलं तर दुसरं हाताला लागतं. सगळ्याच बाया माना डोलवायच्या आणि घरी जायच्या. रानच नाही तर पेरायचं कशात? छबू मात्र मालकांच्या दारात गेली. माळाचा दगडगोट्यांचा तुकडा वर्षानुवर्षं पडीक होता, तो तिनं बटईनं मागितला. निम्मं मालकाचं, निम्मं बायांचं. मालक हसून म्हणाले, "दगडं खा." आणि तुकडा दिला.

वस्तीतल्या पाचजणी होत्या. छबू सगळ्यांत तरणी, अनुसयाकाकू सगळ्यांत थोरल्या. काकू विधवा, पोटी मूल नाही, सालाची किडकी ज्वारीसुद्धा घरात आणणारं कुणी नाही. उन्हाळाभर त्यांनी दगडं वेचली, त्याचाच बांध घातला. वर बाभळीच्या फाट्यांची कुपाटी घातली, तिला एक फाटक ठेवलं. ते फाटक मी बांधून दिलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "जावाई, फाटक असं बांध, का चोराचं बी कपडं फाटावं." काकू छबूच्या माहेरच्या गावच्या, म्हणून मी जावाई.

श्रावणात मूग आला. आमच्या घरात पहिल्यांदा स्वतःच्या मुगाचं वरण शिजलं. आईनं ताट चाटून पुसलं. बाजरी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. तूर फुलावर आली.

आणि मालकांचं सोयाबीन काढणीला आलं.

आभाळ भरून यायला लागलं होतं. मालकांनी बायांना बोलावणं धाडलं, मजुरीचा रोज मागच्या सालचाच. पाचही जणी म्हणाल्या, "आधी आमची बाजरी काढतो, मग येतो. रोज वाढवा." त्यांचं बघून वस्तीतल्या बाकीच्या बायाही अडल्या. असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. म्हणून मालक त्या सकाळी बांधावर आले होते.

"बघ," माझ्या मिटल्या मुठीकडं बघत ते म्हणाले, "घरात दाणा आला का बायांच्या तोंडात जीभ येती. उद्या ही बाजरीच नसली, तर येत्याल न्हवं सगळ्या?"

मी म्हणालो, "मालक, निम्मी तुमची हाय."

"जाऊ दे माझी निम्मी."

त्याचंच मला भय वाटलं. माणूस स्वतःचं निम्मं जाळायला तयार होतो, ते कशासाठी, हे त्या क्षणी मला समजलं. समजलं तरी मी उभाच राहिलो.

"आज बाया वाशीला गेल्यात, बैठकीला. जनावरं वढ्यावर न्हेताना तुझा डोळा लागतोय. कळलं? जमत न्हाय म्हणत असशील तर सालाची ज्वारी माघारी आणून टाक आन् हो घरला."

ती ज्वारी निम्मी खाऊन झाली होती.

जनावरं ओढ्याला पाण्यावर न्यायची तर वाट उभ्या पिकातनं जाते, म्हणून निघण्याआधी सगळ्यांच्या तोंडाला मुसकी बांधायची आमची पद्धत. त्या दिवशीही बांधली. बाजरीपाशी आलो आणि एकेकाचं सोडलं. फाटकाची गाठ माझीच होती, माझ्याच हाताला सैल पडली. म्हशी आत गेल्या. बैल जाईनात. पुढचा बैल बांड्या, तो फाटकात थांबला. पिकाला तोंड लावलं की मी त्याला मारायचो. लहानपणापासून मारत आलेलो. तो माझ्याकडं बघत राहिला. मी काठी उगारली तरी हलेना. शेवटी खांदा लावून त्याला आत ढकलला.

मग बाभळीखाली बसलो. कणसं मोडल्याचा आवाज येत होता. म्हशी खाण्यापेक्षा तुडवतच जास्त होत्या. तुरीच्या फुलांचा पार चिखल झाला.

संध्याकाळी बाया वाशीहून आल्या. बांधावर येऊन उभ्या राहिल्या. कुणीच रडलं नाही. छबू आत गेली, वाकली, एक तुडवलेलं कणीस उचललं, त्यातली माती फुंकली. मग पुन्हा खाली ठेवलं, हळूच, जागच्या जागी.

मी म्हणालो, "माझा डोळा लागला."

तेवढं एकच वाक्य.

अनुसयाकाकू फाटकापाशी थांबल्या होत्या. बाभळीच्या फांदीकडं बघत होत्या. मुसकी तिथं टांगलेली होती. ओळीनं. हरवली तर मालक बोलतील म्हणून सोडताना मी एकेक नीट अडकवलं होतं. हाताची सवय.

"जावाई," काकू म्हणाल्या, "जनावरं मुसकी टांगून मग आत गेली व्हय?"

तेव्हा छबू वळली. काकूंना ती कायम अहो-जाहो बोलायची. त्या दिवशी एकेरीवर आली.

"त्यांनी काय मुद्दाम सोडली व्हय? आँ? दिवसभर राबून आलेल्या माणसाचा डोळा लागतो. तुझ्या घरात माणूस असता तर कळलं असतं तुला. तुझं घर बसलं म्हणून माझं मोडाया निघालीस?"

काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्याकडं एकदाच बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. माझ्या बायकोसाठी त्या गप्प बसल्या. खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि गेल्या.

घरी आल्यावर छबूनं मला भाकरी वाढली. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. झोप माणसालाच लागती."

ती भाकरी मी खाल्ली. सालाच्या ज्वारीची होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बाया सोयाबीनला गेल्या. मागच्याच रोजानं. छबूही गेली. माझ्या चुकीचं भरून काढायला म्हणून कापणीच्या दोन पाती जास्तीच्या धरायची. अनुसयाकाकू गेल्या नाहीत. वर्षाचं खाणं त्यांनी त्या तुकड्यावरच धरलं होतं. थोड्याच दिवसांत भावकीतल्या एका कुटुंबाबरोबर त्या वीटभट्टीवर गेल्या, परंड्याच्या रस्त्याला. त्या वयात. जाताना छबूच्या दारावरनं गेल्या, थांबल्या नाहीत. छबू चुलीपुढं बसून होती. उठली नाही.

मागं एकदा मालकांच्या टेंपोतनं पेंड आणताना त्या भट्टीपाशी आम्ही पाण्याला थांबलो. काकू साच्यात चिखल थापत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. मला बघून म्हणाल्या, "छबू कशी हाय?"

"बरी हाय."

"बाजरी करती का पुना?"

मी नुसती मान हलवली. व्हय म्हणून की न्हाय म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी मला पाणी दिलं. मी प्यालो आणि टेंपोत बसलो. छबूला सांगितलं नाही, की काकू भेटल्या.

आमच्या घरात माझ्या झोपेचा विनोद झालाय. राखणीचं काम निघालं की छबू हसून म्हणते, "तुमी नगा बाई, तुमाला झोप लागती." मुलगी हसते. मीही हसतो.

यंदा छबूनं पुन्हा रान धरलं. गावातल्या एका मास्तरांचं वावर, तेही पडीकच. मालकांच्या बांधाला लागून. या वेळी चौघीजणी. तीच बाजरी, तीच तूर, आणि भाजीपाल्याचे दोन वाफे. पेरायच्या दिवशी पहिली मूठ सोडताना ती म्हणाली, "काकू पायजे हुत्या. त्यांचा हात चांगला हुता." मी जू आवळत होतो. आवळतच राहिलो.

थोरले मालक वारले. आता धाकटे मालक कारभार बघतात. परवा त्यांनी मला गोठ्याच्या दारात गाठलं. सोयाबीन काढणीला आलंय, बाया अडल्यात. बोलणंही जवळपास तेच.

"काय रं," ते हसत म्हणाले, "यंदा बी तुझा डोळा लागू दे की."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बापाच्या माघारी तो शब्द यांच्याकडं आलाय, रानासारखा, गोठ्यासारखा. इतकी वर्षं मालकांच्या घरात माझ्या झोपेवर हसणं चाललंय. आमच्या घरातलं हसणं वेगळं होतं. तिथं बायको माझ्यावर विश्वास ठेवून हसत होती.

"न्हाय," मी म्हणालो.

"काय?"

"डोळा लागणार न्हाय."

ते मोटारसायकलवरनं उतरले. जवळ आले. आवाज बारीक केला. "सांगू तुझ्या बायकोला? म्या हुतो तवा बांधावर. ध्यानात हाय न्हवं?"

दहा-बारा वर्षं मी हेच भय पोटाशी धरून होतो. ते असं समोर उभं राहिलं तेव्हा बघितलं, तर ते माझं नव्हतंच. त्यांचं होतं. माझ्या तोंडाला त्यांनी बांधलेलं.

"तुमी नगा सांगू," मी म्हणालो. "माझं हाय, मी सांगतो."

गोठ्यात मुसकी खुंटीला होती. एकेका जनावराच्या तोंडाला बांधली, गाठी तपासल्या. शेवटचं बांधून झाल्यावर काठी भिंतीला टेकवली आणि बाहेर पडलो. मागनं शिवी आली. आईवरनं होती. मी थांबलो नाही. साल पाडव्यापर्यंतचं होतं, ते मधेच मोडलं. घरात सालाची ज्वारी आता येणार नाही. बाजरी अजून उभी आहे.

हे झालं म्हणून मी मोठा झालो, असं कुणी म्हणू नये. न्हाय म्हणायला मला एवढी वर्षं लागली. तेवढ्यात एक बाई भट्टीवर म्हातारी झाली.

तोंडानं सांगायला गेलो की भलतंच बोलून बसतो, म्हणून आधी हे लिहून काढलं. हा कागद मी छबूला देणार नाही. कागद देऊन बाजूला होणं सोपं आहे. बाजरीच्या बांधावर, तिच्या तोंडाकडं बघून सांगणार आहे. ती मला घराबाहेर काढेल, कदाचित काढणार नाही. तिनं काय करायचं ते तिचं. उद्या परंड्याच्या रस्त्यानं भट्टीवर जायचं. ती आली तर तिच्याबरोबर, नाही आली तर एकट्यानं. मुसकी कुणी टांगली ते काकूंना माझ्या तोंडानं सांगायचं.

बाजरी गेली, ती फिटायची नाही. पण छबूनं काकूंना जो शब्द मारला तो छबूचा नव्हता, माझा होता. तो काकूंच्या दारातनं माघारी आणायचं देणं माझ्यावर आहे.